वाखाचं टोक

मिस्त्री नळाचा सांधा बसवायचे तेव्हा त्यांचं तोंड नळाला भिडलेलं असायचं. अंबाडीच्या चिवट धाग्यांच्या वाखाचं टोक दातात घट्ट, डाव्या हाताने तो वाख नळाच्या आट्यांवर गुंडाळला जातोय, आणि उजवा हात कमरेच्या शेल्यात खोचलेला. आम्ही कारकून मंडळी त्याला ऐट म्हणायचो. "दुसरा हात सरदारकीसाठी राखून ठेवलाय," असं एकदा मीच म्हटलं होतं. सगळे हसले होते. आज त्याची लाज वाटते.

ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेला कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडी कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. अमरावतीत कापसाच्या गठाणी दाबायला वाफेचं यंत्र बसलं. मिस्त्री मूळचे अकोल्याचे, मुंबईच्या गिरणीत नळकाम शिकून आलेले. वाफ कोंडणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत नव्हता.

सांध्यात काय भरायचं याबद्दल मात्र प्रत्येकाला अक्कल होती. कारखान्याचे मालक म्हणायचे, एवढा कापूस पडलाय, तोच भरा. "कापूस वाफेत टिकत नाई," मिस्त्री म्हणायचे. "वाखच पायजे. अन् वर जवसाच्या तेलात खललेला शेंदूर." एकदा ते अकोल्याला गेले असताना मालकांनी घाईत कापूस भरवलाच. तिसऱ्या दिवशी सांधा सुटला आणि यंत्राजवळ उभ्या असलेल्या हमालाची पाठ भाजली. मिस्त्री परत आले ते थेट त्या हमालापाशी जाऊन बसले.

शनिवारी मारुतीसाठी शेंदूर मागायला पेठेतल्या म्हाताऱ्या त्यांच्याकडे यायच्या. ते द्यायचे आणि दर वेळी बजावायचे, "मारुतीले चालते, पोटाले नाई. हात धुजो, माय." म्हाताऱ्या हसायच्या. देवाचा शेंदूर, त्याने काय होतंय?

त्याच सुमारास माझ्या बायकोला दिवस गेले. विहिरीवरून घागरी आणणं तिला झेपेना, म्हणून कारखान्यातले उरलेले नळ आणून हौदापासून स्वयंपाकघरापर्यंत टाकायचं मी ठरवलं. मिस्त्री आले. वाखाला त्यांनी शेंदराऐवजी मेण आणि राळ लावली. सांधा ठिबकला. सोडवून पुन्हा लावली, पुन्हा ठिबकला. माझं डोकं सणकलं.

"शेंदूर लावा की! कारखान्याला पक्कं काम, आणि आमच्या घरी मेण?"

"पेयाच्या पान्याले शेंदूर नाई लावत, भाऊ."

"मग राहू द्या. मी दुसरा माणूस पाहतो."

मिस्त्रींनी उजवा हात शेल्यातून काढला आणि माझ्यासमोर धरला. मनगटापासून पंजा खाली लोंबत होता. त्यांनी जोर केला. कपाळावर घाम आला, पण पंजा उचलला गेला नाही.

"हा शेंदूर व्हय, आंगात भिनलेला. माह्या उस्तादाचाबी असाच लोंबला. मंग पोट धरलं, मंग गेला तो. बाई दोन जिवांची हाय. ठिबकू द्या."

मी विचारलं, "कळतंय, तर कारखान्यात कशाला लावता?"

"वाफेत मेण वितयते. तिथं मानसं उभी रायतात."

"निदान शेंदराचा वाख दातात तरी धरू नका."

ते हसले. "एका हातानं गुंडाळतो, त टोक कोन धरीन? मालकाले मानूस मांगतला होता. मालक म्हणे, सगळे गठाणीले लागले."

"उद्या मी येतो," मी म्हणालो. "टोक मी धरतो."

"या मंग," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या नळाचा सांधा बदलायचा होता. मी लवकरच निघालो. पण फाटकाशी कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि मालकांनी मला वजनाला उभं केलं. मला नाही म्हणता आलं असतं. म्हटलं, एवढी एक गाडी, की जातो. मग आणखी एक. आत पोचलो तेव्हा सांधा झाला होता. मिस्त्रींचे दात, ओठ, मिशा, सगळं शेंदराने माखलेलं.

"थोडी वाट पाह्यली, भाऊ," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दिवाळीआधी पोटातल्या कळांनी ते अंथरुणाला खिळले आणि बहिणीकडे अकोल्याला जायला निघाले. बैलगाडीत चढवायला मी गेलो होतो. आता दोन्ही पंजे लोंबत होते. महिन्याभराने एका गाडीवानाने ते गेल्याची बातमी आणली.

माझी मुलगी आता पाच वर्षांची आहे. घरचा सांधा अजून ठिबकतो, मी वरचेवर त्याला मेण लावतो. कारखान्यातला मोठ्या नळाचा तो सांधा मात्र टिपूस सोडत नाही. त्यातून वाखाचं एक टोक बाहेर आलेलं आहे, शेंदरात वाळून कडक झालेलं, दातांनी चेपलेलं. सकाळी वाफ चढायच्या आधी, आजूबाजूला कोणी नसलं की, मी ते चिमटीत धरून उभा राहतो.