बाळकुमच्या एका घरातलं इंधन

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नव्वदच्या सुमारास आम्हा ठाण्याच्या शिक्षकांना घरोघरच्या इंधनाच्या पाहणीला जुंपलं होतं. बाळकुमच्या कोळीवाड्यात एका घरी ओट्यावर गॅसची शेगडी होती, विणलेल्या रुमालाखाली झाकलेली. मागच्या पडवीत चूल धुमसत होती आणि घरची बाई खोकत होती.

"गुरुजी, गॅसच लिवा," ती म्हणाली. "पोरीला बघायला मानसं येतात, तवा त्याच्यावर चहा करतो. लाकूड लिवलंत तर गावभर होईल."

मी हसून 'गॅस' लिहिलं.

काही महिन्यांनी कळलं की सरकारच्या बिनधुराच्या चुली फक्त लाकूड नोंदलेल्या घरांनाच मिळणार. नोंद बदलायला मी घाबरून कचेरी गाठली.

"गॅसचे आकडे वरच्या कचेरीत गेले, गुरुजी," कारकून म्हणाला. "प्रगती झाली म्हणून साहेब खूश आहेत. ती आता तुम्ही मागे घेणार?"

मी नोंद तशीच ठेवून परतलो.

पुढे ती बाई बाजारात मासळी विकताना भेटली. खोकला वाढला होता.

"आमची बिनधुराची चूल कवा येल?"

खरं सांगायची हिंमत झाली नाही. "यादीत नाव आहे तुमचं," मी म्हणालो. ती निर्धास्त होऊन पुन्हा मासळी विकू लागली.