डावीकडचं ताट

छापखान्यात त्याला सगळे चिकटराव म्हणत. एकतीस वर्षं पुस्तकं बांधून त्याच्या नखांच्या कडांना खळ कायमची वाळून बसली होती, आणि तो स्वतःही खिडकीजवळच्या त्या एका टेबलाला तसाच चिकटून राहिला होता. लग्न का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "पुस्तकं बरी. शिवली की गप्प बसतात."

त्या वर्षी पानगळ सुरू झाली आणि त्याने भलतंच काहीतरी काढलं. कटिंग मशीनवाल्याला आणि प्रुफं तपासणाऱ्या बाईंना त्याने रविवारी दुपारी जेवायला बोलावलं.

"लहानपणी आमच्याकडे पानं गळायला लागली की एक जेवण असायचं. कुणी स्वतःचं वाढून घ्यायचं नाही. प्रत्येकाने आपल्या डावीकडच्याचं ताट सांभाळायचं. मागायचं नाही आणि नको म्हणायचं नाही."

"माझं पोट कुणाच्या हातात?" मशीनवाल्याने विचारलं.

"बाईंच्या."

"मेलो! ह्या नुसत्या चुका काढतात."

चौथी होती ताई, त्याची थोरली बहीण. खरं तर सगळा घाट तिच्यासाठीच होता.

तो नऊ वर्षांचा असताना त्या जेवणाला आई त्याच्या डावीकडे बसली होती. उजवीकडून आत्या वाढत राहिली आणि हा मान खाली घालून खात राहिला. शेवटी आत्या ओरडली, "अरे खादाडा, आईच्या ताटाकडे बघितलंस का?" ताट कोरडं ठणठणीत होतं. सगळे हसले, आईही हसली. हिवाळा सरायच्या आत ती घशाच्या दुखण्याने गेली. पुढच्या पानगळीला ताई म्हणाली, "ते जेवण आता नको." तेव्हापासून अठ्ठेचाळीस वर्षं तो धरून चालला होता की ताईने आपल्याला माफ केलेलं नाही. विचारायची हिंमत कधी झाली नाही. आता निदान एकदा तिला डावीकडे बसवून तिचं ताट नीट सांभाळावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

ताई आली. कोट न काढताच तिने गोल टेबलावरची चार ताटं पाहिली, आणि कुठे बसायचं ते कुणी सांगायच्या आतच त्याच्या डावीकडे बसली.

तो डोळ्यांत तेल घालून वाढत होता. सूप, पाव, भाजलेला भोपळा, पुन्हा सूप. ताईचा घास उतरायच्या आत पुढचा डाव तयार.

"अहो, बहीण आहे की पोतं?" मशीनवाला म्हणाला. ताईसुद्धा हसली. मोकळी हसली, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात ताईची नजर डावीकडे गेली. प्रुफांच्या बाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. ताट स्वच्छ. सुरुवातीच्या एका डावानंतर त्यात काहीच पडलं नव्हतं. ताई समोरचा ढीग उपसण्यात गुंतलेली, आणि बाई नियमाच्या पक्क्या.

"अहो बाई, सांगायचं ना!" ताई जवळजवळ किंचाळली.

"मागायचं नाही, असं ठरलंय ना," बाई संकोचून म्हणाल्या.

ताईने डाव उचलला. सूप ताटाऐवजी टेबलावर सांडलं. डाव तसाच खाली ठेवून ती त्याच्याकडे वळली.

"आई त्या दिवशी मुद्दाम तुझ्या शेजारी बसली होती. पाणीसुद्धा गिळवत नव्हतं तिला. म्हणाली, ह्याच्याशेजारी बसते, ह्याचं लक्ष नसतं, कुणाला कळायचं नाही."

"तुला म्हणाली?"

"स्वयंपाकघरात. बाबांना सांगू नकोस म्हणाली. मी चौदा वर्षांची होते रे. समोर बसून सगळं बघत होते, आणि तुम्ही हसलात तेव्हा मीही हसले. तेव्हाच बोलले असते तर डॉक्टरकडे..."

मशीनवाला पावाचा तुकडा हातात धरून तसाच बसून राहिला. चिकटरावाला वाटलं, आता आपल्याला हलकं वाटायला हवं. पण तसं काही झालं नाही. आईने अख्ख्या घरातून आपल्याला निवडलं ते कशासाठी, एवढंच आत रुतून बसलं. आणि शेजारी साठी उलटलेली ताई लहान मुलीसारखं बाहीने नाक पुसत होती.

त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

चारच्या बसला तो तिला सोडायला गेला. थांब्यावर दोघंच होती.

"पुढच्या वर्षी मला बोलावू नकोस," ती म्हणाली.

"बरं."

"रागावलास?"

त्याने मान हलवली. पण ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बस आली. ताई खिडकीशी बसली आणि बस वळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिली. तो घरी परतला तेव्हा बाई भांडी विसळत होत्या आणि मशीनवाला पुसून एकावर एक रचत होता.