खुर्चीचा चौथा पाय

शिंप्याकडे गिऱ्हाईक आले नाही तरी तो शिंपीच राहतो. निदान स्वतःच्या मुलाचा सदरा तरी शिवू शकतो. शिक्षकाचे तसे नाही. समोर वर्ग नसेल तर त्याचे शिक्षण तोंड बांधलेल्या पोत्यासारखे कोपऱ्यात पडून राहते, आणि येणारा-जाणारा विचारतो, यात आहे तरी काय? कलाशिक्षिकेची पदविका घेऊन घरी आलेल्या त्या मुलीला हा प्रश्न दोन वर्षे ऐकावा लागला.

घरात तिला सगळे खडू म्हणत. लहानपणी फरशी, दारे, पाण्याची टाकी, काहीही तिने कोरे ठेवले नव्हते, म्हणून थोरल्या भावाने चिडून ठेवलेले हे नाव. भाऊ पुढे कामासाठी दुसऱ्या गावी गेला; नाव मात्र घरातच राहिले. घर म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत आई शाळांचे गणवेश शिवत असे, आणि शिवून झालेले गणवेश इस्त्रीची वाट पाहत दोरीवर टांगलेले असत. सकाळी डोळे उघडताच खडूला ती रांग दिसे: बाह्या, कॉलर, खिसे, सगळे जागच्या जागी, आणि आत कोणी नाही. आई एकदा म्हणाली, "अशी काय बघत राहतेस त्यांच्याकडे? हजेरी घेतेस की काय?"

दिवसा ती एका फ्रेमवाल्याच्या दुकानात काम करी. लोकांच्या छायाचित्रांभोवती लावायचा जाड पुठ्ठा धारदार पात्याने तिरका कापायचा, काच पुसायची, मागे खिळे ठोकायचे. फ्रेमवाले स्वभावाने गमत्ये होते.

"खडूताई, चित्रकलेच्या बाईंना शाळेत पगार पण देतात का हो? मला वाटायचं, शाबासकीवरच भागवतात."

"आधी नोकरी तर देऊ देत, काका. मग शाबासकीचं बघू."

"देतील, देतील. नाही दिली तर आमचं दुकान आहेच. इथे चित्रं बघायला मिळतात, आणि एकही पोर रंग सांडत नाही."

पण तिला रंग सांडणारी पोरेच हवी होती. तिची इच्छा अगदी नेमकी होती. एका बाजूने सावकाश येणारा उजेड असलेली खोली, कोपऱ्यात रंगांनी डागाळलेले बेसिन, ब्रश उभे ठेवायला जुने डबे, आणि 'बाई, हे कसं काढायचं?' असे विचारणारी मुले. त्यावर द्यायचे उत्तरही तिने ठरवून ठेवले होते: 'आधी बघ.' मुलांना चित्रे येत नाहीत याचे कारण हातात नसते, डोळ्यांत असते. त्यांना जे माहीत असते तेच ती काढतात, जे दिसते ते काढत नाहीत, असे तिचे मत होते. हे मत तिने पुस्तकातून घेतले असेल, पण ते तिचे स्वतःचे झाले होते, आणि ते वापरायला मिळावे यासाठी तिचा जीव तुटत होता. नोकरीची गरज सगळ्यांनाच असते. आपले काम आपल्याला भेटावे, ही ओढ गरजेहून वेगळी आणि पुष्कळदा अधिक दुखरी असते. गरजेबद्दल चारचौघांत बोलता येते, ओढीबद्दल बोलायला गेले की लोक हसतात.

शाळांना तिचे मत नको होते. कुठेही गेले तरी विचारणा एकच: फळ्यावर सुंदर अक्षरात लिहिता येते ना? वार्षिक कार्यक्रमाचा पडदा रंगवाल ना? एका शाळेत तिने पाहुण्यांच्या स्वागताचा मजकूर तीन रंगांत लिहून दिला. तिथल्या लोकांनी तोंड भरून कौतुक केले आणि चित्रकलेचा तास यंदाही गणिताकडे द्यायचे ठरवले.

शेवटी एका शाळेने नमुना पाठ घ्यायला बोलावले. आदल्या संध्याकाळी आई मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "फळा लिहीन, पडदा करीन, सगळं करीन म्हणायचं. एकदा दारातून आत तर शीर. मग शिकव काय शिकवायचं ते."

"आत शिरताना जे सांगेन तेच पुढे करावं लागतं, आई."

"आली मोठी शहाणी! तोंडावर हसू ठेव म्हणजे झालं. लोक शिलाई नंतर बघतात."

शाळेच्या शिपायाने तिला वर्गाकडे नेताना एका कुलूपबंद खोलीकडे बोट दाखवले. खिडकीच्या काचेतून आत मोडके बाक आणि कसरतीच्या गाद्या रचलेल्या दिसल्या. मागच्या भिंतीला बेसिन होते. उजेड एकाच बाजूने येत होता.

"ही चित्रकलेची खोली, बाई. आता इथे फक्त पाली शिकतात."

ती हसली, पण पाय तिथून निघेनात. शिपायाला दोनदा हाक मारावी लागली.

सहावीच्या वर्गात तिने एक लाकडी खुर्ची टेबलावर चढवली, थोडी तिरकी ठेवली आणि मुलांना सांगितले, "खुर्ची कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. ते आज विसरायचं. तुमच्या जागेवरून जेवढी दिसते तेवढीच काढायची. शेजाऱ्याला वेगळी दिसेल, तुम्हाला वेगळी. दोघांचंही बरोबर." मुले आधी खिदळली, मग मान वर-खाली करू लागली. वर्गात पेन्सिलींचा आवाज तेवढा राहिला. दोन वर्षांत प्रथमच तिला आपण शिक्षिका आहोत असे वाटले.

खिडकीजवळच्या बाकावर दोन वेण्या घातलेली एक मुलगी बसली होती. तिच्या जागेवरून खुर्चीचा एक पाय दुसऱ्यामागे पूर्ण झाकला जात होता. तिने तीनच पाय काढले होते, आणि तिन्ही अचूक होते. वर्गात पाहून काढलेले चित्र तेवढेच होते. खडूने ते लांबूनच ओळखले. ती तिकडे निघाली, तेवढ्यात मुख्याध्यापिका दारातून आत आल्या.

मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या. कामाच्या रगाड्यातून वेळ काढून आल्या होत्या, आणि वर्गातून फिरताना नेमक्या त्या बाकाशी थांबल्या.

"अगं, हिच्या खुर्चीचा एक पाय कुठे गेला? बसणारा पडेल की गं!"

वर्ग हसला. मुलगी वर पाहून म्हणाली, "मला तीनच दिसतात."

खडूला एकच वाक्य बोलायचे होते: 'तिचंच बरोबर आहे.' पाठ ज्यासाठी होता ते सगळे त्या वाक्यात होते. पण मुख्याध्यापिका तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि त्यांच्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, ती कुलूपबंद खोली होती.

ज्यांनी कलाशाळेत शिक्षण घेतले आहे त्यांना तिथली एक रीत ठाऊक असेल. सर विद्यार्थ्यापाशी येतात, 'ऊठ जरा' म्हणतात, स्वतः त्याच्या जागेवर बसतात आणि त्याच्याच कागदावर आपल्या हाताने रेषा दुरुस्त करतात. विद्यार्थी मागे उभा राहून पाहतो. यात अपमान कोणी मानत नाही. सरांचा हात लागलेला कागद मुले जपून ठेवतात. खडूनेही ठेवले होते. मुलांच्या कागदावर हात चालवू नये, हे ती पदविकेच्या वर्गात नंतर शिकली होती आणि तिला मनापासून पटलेही होते. पण भीती वाटली की माणूस पटलेले विसरतो आणि अंगवळणी पडलेले करतो.

"ऊठ जरा," ती म्हणाली. मुलीच्या जागेवर बसली. तिथून तिलाही तीनच पाय दिसले. तिने पेन्सिल घेतली आणि चौथा काढला: सफाईने, छायेसकट.

"आता कशी खुर्चीसारखी खुर्ची दिसते!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "हात छान आहे तुमचा."

जागा तिला मिळाली. आईने मशीन थांबवून खिडकीतून शेजारणीला ओरडून सांगितले, "अहो, आमची खडू कामाला लागली!" फ्रेमवाल्यांनी एक नवी फ्रेम भेट दिली आणि बजावले, "आत शाबासकी लावा, आता पगारावर भागवायचंय." ती सगळ्यांबरोबर हसली. संध्याकाळी गणवेशांना बटणे लावता लावता मात्र म्हणाली, "आई, मी त्या मुलीच्या कागदावर हात चालवला."

"मग? मास्तर लोक दुसरं काय करतात?"

"तिला दिसत होतं गं. एकट्या तिलाच दिसत होतं."

आईने तिच्याकडे पाहिले. काही तरी विचारावे असे तिच्या मनात आले असावे. पण मुलीच्या सुखाची वाट पाहून थकलेल्या आया अशा वेळी फार खोल विचारीत नाहीत. "उद्या लवकर उठायचंय," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी शाळेच्या बोळात, मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेरच्या फलकावर, ते चित्र लावलेले होते. खाली मुलीचे नाव आणि वर्ग. चौथा पाय इतर तिन्हींहून गडद होता. लक्ष देऊन पाहणाऱ्याला तो परका आहे हे कळले असते. लक्ष देऊन कोणी पाहत नव्हते. गाद्या आणि बाक हलवून तिला खोली मोकळी करून दिली होती. बेसिनचा नळ गळत होता. उजेड तिला हवा तसाच येत होता.

सहावीचा तास आला तेव्हा तिने तीच खुर्ची टेबलावर ठेवली आणि वेण्यांच्या मुलीला तशाच जागी बसवले, जिथून एक पाय झाकला जावा. सूचना पुन्हा तीच दिली, अधिक सावकाश. मग हात पाठीमागे बांधून ती वर्गातून फिरू लागली.

मुलीचे चित्र सगळ्यांत आधी पूर्ण झाले. चार पाय, चौथा छायेसकट. तिने कागद दोन्ही हातांनी उचलून दाखवला. चेहरा फुलला होता.

"बाई, आता बरोबर आहे ना? बाबांनी फलकावरचं चित्र बघितलं. मी घरी खूप सराव केला."

"छान सराव केलास," खडू म्हणाली. मग ती बाकाशेजारी वाकली. "तुझ्या जागेवरून किती पाय दिसतात?"

मुलीने खुर्चीकडे पाहिले नाही. तिने बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिले, त्यावर काय हवे आहे ते शोधले, आणि म्हणाली, "चार."

"त्या दिवशी तू तीन म्हणाली होतीस."

"तेव्हा मला येत नव्हतं, बाई."

खडूने नवा कोरा कागद तिच्यापुढे ठेवला. "मोजू नकोस. नुसती बघ. मला काहीही दाखवायचं नाही, हे फक्त तुझं." मुलगी गोंधळली. तिने पेन्सिल धरली, खोडरबर सरळ केले, पुन्हा बाईंकडे पाहिले. इतर मुले आपापल्या खुर्च्या काढण्यात दंग होती; कोणाच्या खुर्चीला चार पाय होते, कोणाच्या पाच. खिडकीतून उजेड टेबलावर उतरला होता, आणि त्या बाकावरून खुर्चीचा तो एक पाय अजूनही दिसत नव्हता. खडू बाकाच्या मागे सरकून उभी राहिली, म्हणजे मुलीला तिचा चेहरा दिसू नये. तास संपत आला तरी ती तिथून हलली नाही. जिच्यासाठी दोन वर्षे झुरली ती खोली तिला मिळाली होती. आता तिला एवढेच हवे होते, की समोरच्या दोन वेण्यांनी मान वळवावी आणि खुर्चीकडे एकदा पाहावे.