खरी प्रत

दूधवाल्याचं माप, रिक्षाचं मीटर आणि हवामान खातं, या तिघांवर दिगंबर कर्णिकांचा सारखाच अविश्वास होता. हेडक्लार्क म्हणून निवृत्त होताना त्यांनी ऑफिसातून दोन वस्तू घरी आणल्या होत्या: फायली बांधायच्या टॅगांचा जुडगा आणि ‘खरी प्रत’ असा रबरी शिक्का. त्याबद्दल त्यांना कुणी चोर म्हटलं नाही.

चोर म्हटलं ते त्यांनी तुळजाबाईला. बावीस वर्षांपूर्वी ती त्यांच्याकडे धुण्याभांड्याला होती. भिंतीवर दोन पितळी आकड्यांवर त्यांची मासे धरायची काठी टांगलेली असे. घराला रंग दिला आणि एक आकडा गायब झाला. “तुमच्याच हातानं कुठं गेला असेल हो,” असं त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई म्हणाल्या, पण पालथ्या घड्यावर पाणी. तुळजाबाईला त्याच दिवशी घालवून दिलं. काठी तेव्हापासून कोपऱ्यात उभी.

आता मंदाकिनीबाई नव्हत्या. त्यांनी वारज्याच्या घराच्या अंगणात लावलेला आंबाही त्यांच्यामागं वाळला. तो तोडला तेव्हा दिगंबररावांनी खोडाचा हातभर ओंडका राखून ठेवला. काठीची मूठ फुटली होती. नवी मूठ याच झाडाची हवी होती. बाईंचं दुसरं काही हातात धरण्यासारखं उरलंच नव्हतं.

ओंडका घेऊन ते घोरपडे पेठेत अल्लाबक्ष खरादींकडे गेले. अल्लाबक्षनी चाळीस वर्षं लाटणी, भोवरे आणि पाळण्याचे खूर कातले होते. त्यांनी लाकडात नख रोवून पाहिलं.

“कोरं आहे, साहेब. एक पावसाळा ओल्या भुशात, गोणपाटाखाली ठेवू. बुरशी आत काळ्या रेघा काढते. तशी मूठ बाजारात मिळायची नाही.”

“म्हणजे माझं लाकूड सडवणार आपण?”

“विरजण लावतो म्हणा. वेळेवर काढलं तर दही, नाहीतर नासाडी. ती वेळ मला कळते.”

दिगंबररावांनी पिशवीतून शिक्का काढला आणि ओंडक्याच्या दोन्ही तोंडांवर ‘खरी प्रत’ उमटवली. उगाच अदलाबदल नको. अल्लाबक्षनी ते पाहिलं आणि ओंडका उचलून भुशात पुरला.

पावसाळाभर दिगंबरराव दर गुरुवारी गोणपाट उचलून पाहून येत. हे ताकही फुंकून पिणारं गिऱ्हाईक अल्लाबक्षनी मुकाट्यानं सोसलं. पाऊस संपल्यावर त्यांनी ओंडका बाहेर काढला, तोंडांना मेण लावून सावलीत वाळत ठेवला आणि मार्चमध्ये निरोप धाडला.

दिगंबररावांनी पाहिलं. पांढऱ्या लाकडात शाईनं काढाव्यात तशा काळ्या रेघा वळत गेल्या होत्या. देखणं होतं, पण शिक्का नव्हता.

“हे माझं लाकूड नव्हे.”

“मेण लावूनही तोंडं तडकली, साहेब. दोन-दोन बोटं कापावी लागली.”

“आणि शिक्के नेमके तिथंच होते. वा! सोयीचं आहे.”

अल्लाबक्षांच्या कानशिलांत रक्त चढलं. “चोर म्हणताय मला?”

“मी नाही म्हटलं. शब्द आपला आहे.”

“बसा इथंच. तुमच्या डोळ्यांसमोर चिरतो.”

बुरशीची धूळ छातीत जाते म्हणून त्यांनी नाकाला फडकं बांधलं आणि करवत लावली. दिगंबरराव स्टुलावर बसून पातं निरखत राहिले. लाकूड अर्धं चिरलं आणि पातं करकरलं. अल्लाबक्षनी पटाशीनं हळूहळू कोरून आतली वस्तू काढली, सदऱ्याला पुसली आणि पुढं धरली.

पितळी आकडा होता. आट्यांवर काहीतरी कुजकं गुंडाळलेलं होतं आणि त्याला पत्र्याचं बारीक टोक होतं. फायलीच्या टॅगचं टोक. स्क्रू घट्ट बसावा म्हणून टॅग गुंडाळायची सवय त्या घरात एकाच माणसाची होती.

मग त्यांना सगळं आठवलं. रंगाच्या गडबडीत उतरवलेला आकडा. चिमण्यांच्या पाण्याचं मडकं आंब्याला टांगून द्या, म्हणून मंदाकिनीबाई मागं लागलेल्या. त्या स्टूल धरून उभ्या आणि स्टुलावर ते स्वतः. मडकं पुढं कधीतरी फुटलं आणि झाडानं आकडा गिळला. काखेत कळसा म्हणतात तो हा. दिगंबररावांना भयंकर लाज वाटली.

“पटलं का आता, लाकूड तुमचंच आहे ते?” अल्लाबक्षनी विचारलं.

“पटलं. माझं चुकलं, अल्लाबक्ष. मूठ सावकाश करा. मला आधी एकीकडे जायचंय.”

वारज्यातच वस्तीत विचारत विचारत ते तुळजाबाईच्या दाराशी पोचले. दार साखळीपुरतं उघडलं. केस पांढरे झाले होते, पण डोळे तेच होते. त्या डोळ्यांनी त्यांना टोपीपासून चपलेपर्यंत तपासलं.

“काय काम हाय?”

त्यांनी तळहात पुढं केला. “आकडा सापडला, तुळजाबाई. मीच लावला होता आंब्याला.”

तिनं आकड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“म्या घेतला न्हाई, हे मला तवाच ठावं हुतं,” ती म्हणाली. “तुमाला आज कळलं व्हय?”

साखळी तिनं काढली नाही.