सुकाणूजवळची जागा

होडीच्या फळीला मी ड्रिल लावलं आणि धाकटे दीर धक्क्यावर हजर झाले.

"वैनी, येड लागला काय तुमका? बऱ्या होडीक भोक पाडतास?"

"तळाक न्हय, भावजी, बसाच्या फळयेक. बुडाची नाय, घाबरू नकात."

घाबरत कसले होते! त्यांना होडी विकायची होती. किनाऱ्यावरच्या एका रिसॉर्टवाल्याला ती बागेत ठेवायला हवी होती. पर्यटकांनी आत बसायचं आणि फोटो काढायचे म्हणे. शीड लावलेली होडी, हिरवळीवर! ऐकूनच माझं डोकं फिरलं होतं. मी ड्रिल पुन्हा चालू केलं, म्हणजे त्यांचं पुढचं ऐकू यायला नको.

होडी माझ्या नवऱ्यानं बांधून घेतलेली. त्यांचा जन्म मालवाहू जहाजांवर सुकाणू धरण्यात गेला. नोकरी संपवून आचऱ्याला परतले तर यांना घरात करमेना, जेवण जाईना, माझ्या प्रत्येक कामात नाक खुपसायचे. शेवटी ही होडी आली, दोघांपुरती. सुकाणू त्यांचं, शीड माझं. बाईमाणसानं होडीवर चढू नये म्हणणारे गावात होतेच. म्हणोत बापडे. सकाळच्या मतलई वाऱ्यावर आम्ही खाडीतून बाहेर पडायचो आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत यायचो. भांडणंसुद्धा आम्ही बाहेर समुद्रात नेऊन करायचो, कारण घरी शेजाऱ्यांना सगळं ऐकू जातं.

गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात लुळा पडला. पायाला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आलं. ते चढवलं की काठी टेकत चालता येतं, नाहीतर पाय खाली मुडपतो. डावा हात मात्र ठणठणीत. पण होडी कलली की त्या एका हातानं माणसानं सुकाणू धरायचं की स्वतःला धरायचं? एकदा जाऊन बघितलं. वाऱ्याचा झोत आला, त्यांनी सुकाणू सोडून काठ पकडला, शीड फडाफडा आपटायला लागलं आणि मी मधल्यामध्ये भोवंडले. कशीबशी परत आणली. घरी येऊन ते एवढंच म्हणाले, "इकून टाक."

मला जो राग आला! रडू नाही आलं, रागच आला. अर्धं अंग गेलं म्हणून उरलेलं अर्धंही आपल्या हातानं देऊन टाकायचं? आणि माझं काय? शीड ओढणारे माझे दोन्ही हात धडधाकट होते, त्यांनी काय आता लोणची घालायची?

म्हणून मी ऑटोपायलट मागवला. छोट्या होडीचा असतो तो म्हणजे हातभर लांबीचा एक दांडा. एक टोक बसायच्या फळीत रोवायचं, दुसरं सुकाणूला अडकवायचं. त्याच्या पोटात होकायंत्र असतं. दिशा धरून बटण दाबलं की दांडा आत-बाहेर होत सुकाणू सांभाळतो. म्हणजे यांचा डावा हात स्वतःला धरायला मोकळा. मी मोबाइलवर बघून बसवला. वायर उलटी लागली, फ्यूज उडाला, बोटाला चटका बसला. मग एकदाचा दांडा कुरकुरत हलला आणि मी ओरडले, "हललो रे मेलो!" एकटीनं खाडीबाहेर फिरवून आणला, तर शहाण्यासारखा सरळ चालला. धक्क्यावर भावजी बघत होते. त्यांना मी मुद्दाम दोन्ही हात वर करून दाखवले.

नवरा मात्र हटून बसला. "माझ्या जाग्यार यंत्र बसयलंस. आता मी खंय बसू?"

"थयसरच. तो निस्तो धरून रवतलो. खंय जावचा ता तुमीच सांगाचा."

कितीतरी दिवस ना हो म्हणाले, ना नाही. शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून आले. भावजींनी आणि मी धरून होडीत उतरवलं. लाइफ जॅकेटं घातली. ते सुकाणूजवळ आपल्या जागेवर बसले, मी शीड चढवलं, बटण दाबलं.

आणि होडी खडकांकडे वळली. मी सरळ केली, पुन्हा बटण दाबलं. आता दुसरीकडेच निघाली. धक्क्यावरून भावजींचा आवाज आला, "वैनी, पाणयात रांगोळी घालतास काय?"

"शिरा पडो ह्याच्या तोंडार!" म्हणत मी वायरी तपासल्या, फळीतला खिळा तपासला. सगळं जागच्या जागी. मग बघते तर यांनी कॅलिपरचा पाय हातानं जवळ घेतला की होडी डावीकडे, लांब केला की उजवीकडे. त्यांच्या ते माझ्या आधीच लक्षात आलं होतं. बोटानं कॅलिपरवर टकटक केलं.

"लोखंड. होकायंत्राक चळ लागलो." आणि हसले, पण ते हसू मला बघवेना. "बघ. तुझ्या पायलटाक मी हयसर नको आसय. माका फुडे नेवन ठेव, सामानासारख्या."

होकायंत्र दांड्याच्या पोटातच, ते काही उपसून लांब ठेवता येईना. मला संताप आला. एवढी उठाठेव केली ती काय नवऱ्याला होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेकडे, गाठोड्यासारखं टाकायला? मी म्हटलं, "तुमी हयसून हलाचा नाय. यंत्रच घालतंय पाणयात." आणि वायर उपटायला हात घातला.

त्यांनी माझा हात धरला. मग तो सोडला आणि त्याच हातानं मांडीवरचा पट्टा सोडायला लागले. एक बक्कल निघालं, दुसरं निघेना.

"काढ गो ह्या."

"अहो, मग चलतलास कसे?"

"दर्यात माका खंय चलाचा आसा?"

मी उरलेले पट्टे सोडले. कॅलिपर उचलून पार नाळेशी नेऊन ठेवलं. त्यांचा बारीक झालेला पाय उन्हात उघडा पडला होता आणि त्यांनी तो झाकला नाही. वर्षभर पाहुणे आले की चादर ओढून घेणारा माणूस हा. डाव्या हातानं त्यांनी सुकाणू स्वतः सरळ केलं, स्वतःच बटण दाबलं आणि मग हात काठावर ठेवला. दांडा कुरकुरला. होडी सरळ निघाली, खाडीच्या तोंडातून बाहेर.

मागून भावजी घसा फोडून ओरडत होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. "वैनी, माघारी फिरा! दादाक धड उभोसुदा रवाक येना नाय!"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला. आजारपणानंतर एवढा मोठा आवाज त्यांचा मी ऐकलाच नव्हता.

"ज्याका उभो रवाचा आसा त्याना धक्क्यार रवाचा! आमी चल्लो!"

मी शीड ओढून घट्ट बांधलं.