माझ्या तक्त्यावर एकच टिकली

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय!

शेतीच्या पाण्यावर आधी कोणतं संशोधन करायचं, हे ठरवायला चेन्नईतल्या नुंगंबाक्कम भागात बैठक होती. आम्ही संशोधकांनी आपापला विषय तक्त्यावर लिहायचा आणि शेतकऱ्यांनी हव्या त्या विषयाच्या तक्त्यावर लाल टिकल्या चिकटवायच्या होत्या. माझी सहकारी रेवती, तिचा तक्ता लालेलाल! माझ्या तक्त्यावर एकच टिकली, तीही मीच लावलेली.

न राहवून एका शेतकरी आजोबांना मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं, "माझा विषय होता, विहिरी खाऱ्या का होतात."

"अय्यो, माझीच विहीर खारट झालीय! तमिळमध्ये लिहायचं ना, अम्मा. आता टिकल्या संपल्या."

रेवतीनं तमिळमध्येच लिहिलं होतं. मी मात्र आठ वर्षं चेन्नईत राहून झोकात इंग्रजीत लिहिलं.

रेवतीवर अजूनही जळतेय मी. पण त्या आजोबांच्या विहिरीचं काय करू, सांगा?