गंज काढायची गोळी

औषधाच्या दुकानात औषधं संपतात, किस्से तेवढे साठत जातात. आठवीत शाळा सोडून मी इस्लामपुरात अण्णांच्या मेडिकलमध्ये लागलो. नव्वदनंतरची गोष्ट. बोलायला मी लाजायचो, म्हणून ऐकायचं काम माझ्या वाट्याला आलं.

तेव्हा पुरुषांना मूल होण्यासाठी एक कॅप्सूल आली होती. खोक्यावर लिहिलेलं 'अँटिऑक्सिडंट'. कुणी अर्थ विचारला की अण्णा सांगायचे, "अंगातला गंज काढती."

ती मागायची रीत ठरलेली. आधी खोकल्याचं औषध, मग बाम, मग दुकान रिकामं होईपर्यंत कॅलेंडर बघायचं. एक गुरुजी इतके रेंगाळले, की अण्णांनी स्टूल पुढे केलं. "बसा गुरुजी, गोळी कुठं पळून जात न्हाई."

तालमीतल्या एका पैलवानाला वाटलं, ताकदीची असावी. मी म्हणालो, "रोज एक."

"एकानं माझी मिशीबी हलायची न्हाई."

मी खाली मान घालून गोळी कशाची ते सांगितलं. चटका बसल्यागत त्यानं पट्टी खाली ठेवली. "माझं लगीन ठरतंय गड्या. कुटं बोलू नगं."

आणि शिवाजी, साखर कारखान्यातला फिटर. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नव्हतं. तपासणीत दोष त्याच्यात निघाला, डॉक्टरांनी गोळी त्यालाच दिली. पण मुलासाठीचं औषध बाईनंच खायचं, ही घरची रीत. तीन महिने गोळ्या बायकोच खात होती.

मी विचारलं, "तुमी का घेत न्हाई?"

"मला कुठला गंज? रोज ग्रीसमधी हात असत्यात."

इकडे त्याच्या आईनं दुसरं लग्न लावायला कुंडल गावची मुलगी हेरली होती.

एकदा त्याची बायको सुनंदावैनी स्वतः दुकानात आल्या. पंख्याकडं बघत मी कसंबसं म्हणालो, "वैनी, ही बाप्या माणसानं खायची असती."

त्यांनी पैसे मोजून ठेवले. पट्टी घेऊन गेल्या.

पुढचं अण्णांनी पाहिलेलं. कुंडलचे पाहुणे बोलणी करायला आले, तेव्हा शेजारी म्हणून तेही बैठकीत होते. सुनंदावैनींनी चहा आणला. शिवाजीच्या बशीत कॅप्सूल होती.

"आवं, आधी गोळी घ्या."

पाहुण्यांनी काळजीनं विचारलं, "कसली वो गोळी?"

पदर सारखा करत वैनी म्हणाल्या, "प्वार व्हायची. इतकं दिस मी खाल्ली. आता डॉक्टर म्हणत्यात, ज्याची त्यानं खायची."